किडे-पाखरांची पेढी

आमच्या महाविद्यालयांतून जीवशास्त्राचे पहिले वर्ष पार पाडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी उत्क्रांतिवादाचा जो इतिहास पडतो, त्यात डार्विनला चार पाने मिळतात, त्याच्या ‘बीगल’ जहाजाचा मार्ग दाखविणारा एक नकाशा मिळतो, आणि मग प्रकरण संपता संपता, याच सुमारास आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाच्या दुसऱ्या एका निसर्गशास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे हाच सिद्धांत मांडला होता, असे एक ओझरते वाक्य येऊन जाते. हा दुसरा गृहस्थ कोण, मलायाच्या बेटांत तो आठ वर्षे कोणत्या कामानिमित्त वणवण करीत होता आणि त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था काय होती, याची वाच्यता सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः वॉलेस हा व्यापारी होता. किडे, फुलपाखरे, शिंपले आणि पाखरांची कातडी हा त्याचा माल. लंडनमध्ये त्याचा अडत्या. आणि विमा, नूर, दलाली व हुंडणावळ यांच्या विवंचनेतून तो एक दिवसही मोकळा नव्हता. या धंद्याचा इतिहास शास्त्राच्या इतिहासातून वगळण्याची जी चाल पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. कारण ज्या पुराव्यावर उत्क्रांतीचा आणि प्राण्यांच्या भौगोलिक विभागणीचा सिद्धांत उभा राहिला, तो पुरावा गोळा करण्याची रीत पुष्कळ अंशी या धंद्याच्याच गरजांनी घालून दिली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात निसर्गातील चीजवस्तू जमविण्याचे एक वेडच इंग्लंडात पसरले होते. १८४० मध्ये एका पेनीत देशभर टपाल जाऊ लागल्याने गावोगावचे हौशी लोक भुंगेऱ्यांच्या डब्या एकमेकांना धाडू लागले. १८४५ मध्ये काचेवरील कर उठल्याने काचेची कपाटे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आणि ज्याच्या दिवाणखान्यात शिंपल्यांचा एखादा खण किंवा टाचणीवर टोचलेल्या फुलपाखरांची एखादी पेटी नाही, असा सुशिक्षित गृहस्थ विरळा झाला. धनिकांचा शौक अर्थातच याहून मोठा असे. विल्यम विल्सन साँडर्स या विमाव्यवसायातील सधन गृहस्थास जगातील यच्चयावत कीटक हवे असत. ह्युइट्सन यास फुलपाखरे आणि पास्को यास भुंगेरे. या सर्वांच्या मागणीचा आणि दूरदेशी गेलेल्या संग्राहकांच्या मालाचा मेळ घालणारा अडत्या म्हणजे सॅम्युएल स्टीव्हन्स होय. ब्रिटिश म्युझियमच्या शेजारीच ब्लूम्सबरी स्ट्रीटवर त्याचे ठाणे होते. विक्रीवर शेकडा वीस दलाली आणि वाहतूक व विमा यांपोटी शेकडा पाच, असा त्याचा दर असे; दर जबर खरा, पण त्या मोबदल्यात तो मालाची जाहिरात करी, संग्राहकाची पत्रे निसर्गविषयक मासिकांतून छापवून आणी, परदेशी पैसे पोहोचवी, आणि वेळप्रसंगी आगाऊ उचलही देई. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी वॉलेसने पुढे जन्मभर कृतज्ञताच व्यक्त केली. अडत्यांच्या वाट्याला असा लौकिक क्वचितच येतो.

या धंद्याचे अर्थशास्त्र मोठे मासलेवाईक होते. नवी जात सापडली की तिला चांगला भाव. परंतु नवी जात एकदाच नवी असते. म्हणून संग्राहकाला एकेका जातीचे शक्य तितके अधिक नमुने गोळा करावे लागत, की जेणेकरून एक ब्रिटिश म्युझियमला, एक साँडर्सला, एक पॅरिसच्या कोणा शौकिनाला, अशी त्यांची विक्री व्हावी आणि शिवाय एक स्वतःच्या अभ्यासासाठी बाजूला काढून ठेवता यावा. डार्विनसारख्या, वडिलांच्या खर्चाने जगप्रवासाला निघालेल्या सरदारी थाटाच्या निसर्गप्रेमीस याची गरज नव्हती. त्याला एका जातीची नर-मादीची जोडी पुरेशी होती. गालापागोस बेटांवरील ज्या लहानग्या चिमण्या-फिंचांची कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, त्यांतील कोणती कोणत्या बेटावर मारली याची नोंददेखील त्याने धड ठेवली नव्हती, आणि १८३७ मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने त्या वेगवेगळ्या जाती आहेत असा निर्वाळा दिल्यावर डार्विनास कप्तान फिट्झरॉय व इतर सहप्रवासी यांनी जमविलेल्या पाखरांच्या चिठ्ठ्या धुंडाळाव्या लागल्या.

वॉलेसचा जन्म १८२३ चा, वेल्सच्या सरहद्दीवरील अस्क गावाजवळचा. घरची स्थिती खालावलेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे थोरल्या भावाच्या हाताखाली जमीनमोजणीचे काम. शेतांच्या हद्दी साखळीने मोजून नकाशावर रेघा ओढण्याच्या या मोजणीदारीचा संस्कार त्याच्या पुढील शास्त्रीय कामावर झालेला स्पष्ट दिसतो, असे माझे मत आहे. १८४४ मध्ये लेस्टर येथे शिक्षकाची नोकरी करीत असता त्याची हेन्री वॉल्टर बेट्स या मोजे विणविणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाशी ओळख झाली, आणि या मुलाच्या नादाने तो भुंगेरे जमवू लागला. दोघांच्याही जवळ भांडवल नव्हते, विद्यापीठाची पदवी नव्हती, वशिला नव्हता. तथापि ‘जातींची उत्पत्ती कशी होते’ हा प्रश्न मात्र दोघांच्याही डोक्यात घोळत होता. ॲमेझॉन नदीच्या मुलखातील कीटक विकून प्रवासाचा खर्च निघेल, असा भरवसा ब्रिटिश म्युझियममधील एका जाणत्याने दिला, तेव्हा १८४८ च्या एप्रिलात हे दोघे तरुण लिव्हरपूलहून ‘मिस्चीफ’ जहाजाने निघाले आणि मे महिन्याच्या अखेरीस पारा बंदरी उतरले.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात वॉलेसने चार वर्षे काढली. त्याच्या मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पारा येथे पीतज्वराने वारला. पुढल्या वर्षी शेवटच्या दोन वर्षांचा सारा संग्रह बरोबर घेऊन वॉलेस ‘हेलन’ नावाच्या जहाजाने परत निघाला असता, ६ ऑगस्ट रोजी भर समुद्रात जहाजाला आग लागली. हाताशी लागलेली एक पत्र्याची पेटी, तीत काही रेखाटने व थोडे सदरे, एवढेच वाचले. आणि दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर क्यूबाहून येणाऱ्या एका गलबताने या लोकांस उचलून घेतले. स्टीव्हन्सने मालकाला न विचारताच त्या मालाचा २०० पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता, म्हणून वॉलेस लंडनात अन्नाला मोताद झाला नाही. माल गेला; परंतु त्याच डिसेंबरात प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने ॲमेझॉनच्या वानरांवर जो लहानसा निबंध वाचला, त्यात या सर्व काळाचे सार आले आहे. संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर ‘ब्राझील’ किंवा ‘दक्षिण अमेरिका’ एवढेच लिहिलेले असते, आणि ते निरुपयोगी आहे, अशी त्याची तक्रार होती. कारण ॲमेझॉन, निग्रो, मदेरा यांसारख्या महानद्या या अनेक वानरांच्या मुलखाच्या हद्दी आहेत, एका काठावर मिळणारी जात दुसऱ्या काठावर मिळत नाही, आणि ही गोष्ट तेथील शिकाऱ्यांना पक्की ठाऊक असल्याने अमुक वानर पाहिजे असेल तर ते नदी ओलांडून पलीकडे जातात. मोजणीदाराने हद्दीची खूण बरोबर ओळखली होती.

वॉलेस व बेट्स या दोघांबरोबर, किंबहुना त्यांच्या पाठोपाठ, ॲमेझॉनवर आलेला तिसरा संग्राहक रिचर्ड स्प्रूस हा वनस्पतींचा भोक्ता. तो १८६४ पर्यंत तिकडेच राहिला. हिंदुस्थान सरकारच्या वतीने इक्वेडोरच्या डोंगरांतून तांबड्या सालीच्या सिंकोनाचे बी व रोपे १८६० मध्ये त्यानेच मिळवून दिली, आणि निलगिरीवरील कोयनेलच्या मळ्यांना त्यांचाच आधार झाला. त्याची ७०० पौंडांची पुंजी ग्वायाकिल येथील एका पेढीच्या दिवाळ्यात बुडाली, व पुढे सरकारने त्यास सालिना ५० पौंडांचे पेन्शन बांधून दिले. आमच्याकडे हिवतापाने पछाडलेल्या कित्येक पिढ्या कोयनेलवर जगल्या, त्या मानाने हा हिशेब फारसा शोभत नाही.

१८५४ च्या एप्रिलात वॉलेस सिंगापुरास उतरला. येथून पुढची आठ वर्षे म्हणजे या धंद्याचा सुवर्णकाळ होय. चौदा हजार मैलांचा प्रवास, आणि अखेरीस जमलेले नमुने १,२५,६६०: त्यांत भुंगेरेच ८३,२००, फुलपाखरे व पतंग १३,१००, इतर कीटक १३,४००, पक्षी ८,०५०, शिंपले ७,५००, सस्तन प्राणी ३१० आणि सरपटणारे १००. प्राण्यांच्या या उतरंडीत भुंगेऱ्यांचे जे प्राबल्य दिसते, त्याला वॉलेसची आवड हे एक कारण. पण सृष्टीची रचनाच तशी आहे, हे दुसरे. नाव दिलेल्या प्राण्यांच्या जातींत आजही सर्वांत मोठा वर्ग भुंगेऱ्यांचाच आहे.

बोर्निओतील सिमुंजन नदीकाठी १८५५ मध्ये कोळशाची खाण उघडत होती. रस्त्यासाठी आणि लाकडासाठी अरण्य तोडलेले, ओंडके उन्हात पडून कुजत असलेले. वॉलेसने तेथील दयाक व चिनी मजुरांना किड्यामागे एक सेंट हा भाव बांधून दिला, आणि किड्यांचा अक्षरशः ओघ सुरू झाला. एका दिवसात ७६ जाती, त्यांपैकी ३४ त्याला सर्वस्वी नव्या, असाही एक दिवस उगवला. बोर्निओत त्याला भुंगेऱ्यांच्या ज्या २,००० हून अधिक जाती मिळाल्या, त्यांतील शंभरएक सोडल्यास बाकी सर्व या एकाच ठिकाणच्या, जेमतेम एक चौरस मैल जमिनीवरील होत. घनदाट, अस्पर्श अरण्यात मात्र त्याला इतकी प्राप्ती कधीच होत नसे. याचे कारण त्याने बरोबर हेरले: लाकूड पोखरणाऱ्या अळ्यांना मेलेले झाड हवे असते, ऊन हवे असते, उभ्या अरण्यात ही दोन्ही विरळ, आणि तोडीच्या जागी मुबलक. परिस्थितिविज्ञान हे शास्त्र त्या वेळी नावारूपाला आलेले नव्हते. परंतु कोणता जीव कोणत्या अन्नाच्या व प्रकाशाच्या आश्रयाने राहतो, याचे ज्ञान सेंटाच्या भावाने माल खरीदणाऱ्याला धंद्याची बाब म्हणूनच संपादावे लागत होते.

माल मिळविण्याइतकेच तो टिकविणे कठीण. पाखराचे कातडे सोलावे, आतून सोमलाचा साबण चोळावा, कापूस भरावा, वाळवावे. तोवर मुंग्या तयारच. आपल्याकडे अन्नाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तशाच वॉलेसने आपल्या मेजाच्या पायांखाली ठेवल्या होत्या. कुत्र्यांपासून बचावासाठी कातडी छपराला टांगावी लागत. प्रत्येक किड्याच्या टाचणीला ठिकाणाचे नाव लिहिलेली एक बारीकशी वाटोळी चिठ्ठी. हे चिठ्ठीचे काम कंटाळवाणे खरे, पण दोन ठिकाणांचा माल एकमेकांत मिसळला तर त्याची शास्त्रीय किंमत शून्यावर येते, हे ॲमेझॉनने शिकविलेले होते. मग पेट्या भरून, पैसे वाचावेत म्हणून केपला वळसा घालणाऱ्या जहाजांनी स्टीव्हन्सकडे रवाना.

१८५६ साली घडलेली गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटते. वॉलेसला सिंगापुराहून सेलेबीसमधील मकासर येथे जायचे होते. थेट जहाज मिळेना. म्हणून एका चिनी व्यापाऱ्याच्या गलबताने तो जूनमध्ये बाली बेटावर उतरला आणि तेथून लगतच्या लोंबोक बेटावर गेला. म्हणजे ज्या दोन बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीने त्याचे नाव अजरामर केले, तेथे तो केवळ वाहतुकीच्या गैरसोयीमुळे गेला होता. दोन्ही बेटे ज्वालामुखीची, एकाच हवामानाची, एकमेकांपासून नजरेच्या टप्प्यात. बालीला तांबट आणि सुतार यांसारखे आशियाई पक्षी; आणि लोंबोकला ते गायब, त्यांच्या जागी पांढरे काकाकुवा, मधपक्षी, व पाचोळ्याच्या ढिगात अंडी पुरून ठेवणारे ऑस्ट्रेलियाकडील पक्षी. जमीन सारखी, पाऊस सारखा, तरी प्राणिसृष्टी वेगळी; मग ‘त्या त्या हवामानाला योग्य असे प्राणी विधात्याने तेथे तेथे निर्माण केले’, या तत्कालीन सर्वमान्य मताची वाट काय? वॉलेसचे उत्तर असे होते की, पश्चिमेकडील उथळ समुद्रातील बेटे एके काळी आशियाला जोडलेली होती, पूर्वेकडील ऑस्ट्रेलियाच्या बाजूची, आणि मधला खोल समुद्र या दोन मुलखांच्या वाटणीची हद्द आहे. ही रेषा त्याने १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात तांबड्या शाईने काढली. प्राणिशास्त्रज्ञ हक्स्लीने १८६८ मध्ये तिला ‘वॉलेसची रेषा’ हे नाव दिले. परंतु या शोधाची पहिली वार्ता ज्या कागदावर उतरली, तो कोणत्याही संस्थेपुढे वाचलेला प्रबंध नसून, ऑगस्ट १८५६ मध्ये लोंबोकहून अडत्या स्टीव्हन्स यास पाठविलेले मालाच्या भरतीचे पत्र होते. त्याच पत्रात, पेटीतले पाळीव बदक डार्विनसाहेबांसाठी आहे, अशीही सूचना आहे. डार्विन तेव्हा पाळीव प्राण्यांतील फेरफारांचा अभ्यास करीत होता, आणि वॉलेस हा त्याला माल पुरविणाऱ्यांपैकी एक होता. इतिहासाच्या या दोन पुरुषांचा परस्परसंबंध प्रारंभी गिऱ्हाईक आणि पुरवठादार असाच होता.

गिऱ्हाइकांना पुरवठादाराकडून तत्त्वज्ञान नको असते. १८५५ च्या फेब्रुवारीत सारावाक येथे वॉलेसने एक निबंध लिहिला होता. प्रत्येक नवी जात आपल्याशी निकटचे साम्य असणाऱ्या पूर्वीच्या जातीच्या आसपासच, त्याच प्रदेशात व त्याच कालखंडात अवतरते, असा त्याचा आशय. तो छापून आल्यावर स्टीव्हन्सने कळविले की, काही निसर्गशास्त्रज्ञांना खेद वाटतो. तुम्ही सिद्धांत रचण्यापेक्षा आणखी वस्तुस्थिती गोळा करावी, अशी त्यांची इच्छा आहे. संग्राहकाने संग्रह करावा, विचार दुसरे करतील, हा त्या काळचा वर्णधर्मच होता म्हणावयाचा.

डिसेंबर १८५६ मध्ये पश्चिमेचे वारे सुरू झाल्यावर मकासरहून बुगी खलाशांच्या एका लाकडी गलबताने वॉलेस आरू बेटांकडे निघाला. वाऱ्याच्या एका मोसमात जायचे आणि उलट मोसमात परतायचे, ही रीत कोकण-अरबस्तानच्या दर्यावर्दींना सांगायला नको. आरूमधील डोबो हे वाळूच्या पट्टीवरील गाव हंगामापुरतेच भरे. चिनी, बुगी, जावाई असे नाना देशचे व्यापारी तेथे समुद्रकाकडी, मोत्यांचे शिंपले आणि कासवाच्या पाठी खरीदण्यास जमत. तेथे ना कोतवाल, ना कचेरी, ना अदालत, आणि तरीही व्यापार निर्वेध चाले, याचे त्या कायद्याच्या राज्यातून आलेल्या इंग्रजास मोठे नवल वाटले. या बाजारातला एक जुना माल म्हणजे स्वर्गपक्ष्याची पिसे. १५२२ साली मॅगेलनच्या काफिल्यातील ‘व्हिक्टोरिया’ जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला पोहोचले, तेव्हा बाचानच्या राजाने भेटीदाखल दिलेली अशी कातडी त्यावर होती. तेथील शिकारी पाय कापूनच कातडी वाळवीत. त्यावरून या पक्ष्याला मुळी पायच नसतात, तो जन्मभर आकाशात तरंगतो, अशी आख्यायिका युरोपात पसरली, आणि लिनियसनेही १७५८ मध्ये मोठ्या स्वर्गपक्ष्याच्या जातीला ‘पादहीन’ या अर्थाचेच नाव कायम केले. व्यापाराच्या एका सवयीने शास्त्रात किती भ्रम शिरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. वॉलेसने पायांसकट पाखरे मिळविली, आणि उंच झाडावर नरांचे ताफे पिसारे फुलवून नाचताना पाहिले. अशा एका पाखराला हातात घेऊन त्याच्या मनात आले की, असंख्य पिढ्या हे सौंदर्य कोणाच्याही नजरेविना जन्मत आणि लोपत आले आहे, आणि सुधारलेला मनुष्य या अरण्यांत येईल तेव्हा त्याच्या हातून याचा नाशच व्हावयाचा. तेव्हा सर्व सजीव मनुष्यासाठी निर्मिलेले नाहीत. हा विचार बंदूक बाळगणाऱ्या व्यापाऱ्याला सुचला, यातली विसंगती खरी. त्याने ती कधी सोडविली नाही.

१८५८ च्या फेब्रुवारीतील ज्वराची, त्या ज्वरात आठवलेल्या माल्थसच्या लोकसंख्येवरील ग्रंथाची, टर्नाटेहून डार्विनला धाडलेल्या निबंधाची आणि १ जुलै रोजी लिनिअन सोसायटीत दोघांच्या लेखांच्या एकत्र वाचनाची कथा पुष्कळदा सांगून झालेली आहे. एवढेच ध्यानात ठेवावे की, वॉलेसला हे वाचन होणार असल्याची वार्ताही नव्हती, आणि त्याची संमती कोणी विचारलेली नव्हती. निसर्गात जितके जीव जन्मतात त्यांतील थोडेच जगतात, आणि जगण्याच्या या चढाओढीत परिस्थितीला अनुकूल असा फेरफार ज्यांच्या अंगी असतो ते टिकतात, हा त्या सिद्धांताचा गाभा. हा फेरफार, म्हणजे एकाच जातीतील व्यक्तीव्यक्तींमधला किंचित भेद, ज्याने संग्रहालयाच्या खणात प्रत्येक जातीचा एकच नमुना पाहिला त्याला दिसणे दुरापास्त. त्याला ‘जात’ म्हणजे ठशातून निघालेले नाणे वाटे. परंतु विक्रीसाठी एकाच फुलपाखराचे पन्नास-पन्नास नमुने ज्याच्या हाताखालून गेले, त्याच्या मेजावर हा भेद रोज मांडलेला असे. कोणाचा ठिपका मोठा, कोणाची कड अधिक काळी, आणि शेजारच्या बेटावरचे सगळेच थोडे वेगळे. अडत्याच्या पेढीला लागणाऱ्या जादा नमुन्यांनी उत्क्रांतीचा कच्चा माल असा उघड्यावर आणला.

बेट्सच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. तो ॲमेझॉनवर एकंदर अकरा वर्षे राहिला, त्यांतील बराच काळ एगा या एका खेड्यात. तेथे त्याने कीटकांच्या ७,००० वर जाती नोंदल्या, त्यांत ५५० फुलपाखरे. एकूण १४,७१२ जाती त्याने मिळविल्या, त्यांपैकी सुमारे ८,००० शास्त्राला नव्या. आणि अकरा वर्षांचा निव्वळ नफा सुमारे ८०० पौंड. टाचण्यांवर लावलेली फुलपाखरे निवडीत असता त्याच्या लक्षात आले की, संथ उडणाऱ्या, दुर्गंधी असलेल्या आणि म्हणून पाखरे ज्यांच्या वाटेला जात नाहीत अशा फुलपाखरांच्या खणात काही तोतये शिरले आहेत. पंखांच्या शिरांवरून ती दुसऱ्याच, निरुपद्रवी कुळातली, पण रंगाने हुबेहूब पहिल्यांसारखी. जिल्हा बदलला की मूळ फुलपाखराचा रंग बदले, आणि तोतयाचाही त्याच्याबरोबर. ज्या तोतयांचे सोंग चांगले वठले तेच वाचले, पिढ्यानुपिढ्या निवड होत गेली, अशी त्याची उपपत्ती. १८६२ मध्ये ती छापून आली तेव्हा डार्विनला आपल्या सिद्धांताचा याहून सुंदर दाखला मिळाला नव्हता. हा दाखला पाहण्यास ब्राझीलला जाण्याचे कारण नाही. आपल्या परसातल्या कढीलिंबावर व लिंबाच्या झाडावर ज्याच्या अळ्या वाढतात, त्या काळ्या शेपटीदार फुलपाखराच्या काही माद्या नरासारख्या दिसतात आणि काही, विषारी वेलीवर पोसलेल्या तांबड्या अंगाच्या दुसऱ्या एका फुलपाखराचे सोंग घेतात. वॉलेसने मलायातील याच जातीवर १८६५ च्या निबंधात लिहून ठेवले आहे.

या सगळ्या खटाटोपात प्रत्यक्ष हातपाय हलविणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच उरली. सारावाकचा अली हा मलायी मुलगा १८५५ च्या अखेरीस स्वयंपाकी म्हणून वॉलेसकडे लागला. पुढे नेमबाज झाला, कातडी सोलण्यात तरबेज झाला, आणि इतर नोकरांवर मुकादमी करू लागला. १८५८ च्या ऑक्टोबरात बाचान बेटावर, खांद्यावर चार पांढरी लांब पिसे असलेला एक अपूर्व स्वर्गपक्षी त्यानेच मारून आणला. त्या पक्ष्याला शास्त्रात वॉलेसचे नाव मिळाले. १९०७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टॉमस बार्बर टर्नाटेला गेला असता एका वृद्धाने पुढे होऊन आपली ओळख ‘अली वॉलेस’ अशी करून दिली, यावरून ही नोकरी त्याने मनात कशी जतन केली होती ते दिसते.

१८६२ मध्ये वॉलेस परतला तो दोन जिवंत स्वर्गपक्षी घेऊन. वाटेत मुंबईस तो आठवडाभर थांबला, आणि त्याच्या आत्मवृत्तात त्या मुक्कामाचे प्रयोजन प्रवासाचा शीण घालविणे व पाखरांसाठी केळ्यांचा ताजा साठा घेणे, एवढेच दिले आहे. केळ्यांबरोबर झुरळेही लागत. ती तो जहाजावरच्या खाद्याच्या कोठारात रोज संध्याकाळी गोळा करी. पाखरे सुखरूप लंडनला पोहोचली.

हिंदुस्थानाशी त्याचा दुसरा संबंध याहून अधिक दूरवरचा आणि अधिक बोलका आहे. त्याच्या गैरहजेरीत स्टीव्हन्सने विक्रीचा पैसा हिंदुस्थानच्या हमीदार रेल्वेच्या रोख्यांत गुंतवून ठेवला होता, आणि त्यापासून वॉलेसला सालिना सुमारे ३०० पौंड मिळू लागले. या रोख्यांवरील शेकडा पाच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या खजिन्याने घेतलेली होती. म्हणजे गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, दख्खनच्या कुणब्याने भरलेल्या शेतसाऱ्यातून व्याज पुरे होई. बोर्निओच्या भुंगेऱ्यांचा पैसा असा आमच्या रयतेच्या खात्यावर येऊन बसला. वॉलेसला या व्यवस्थेचा विचार त्या वेळी शिवला असेल असे वाटत नाही, एरवी तो वसाहतींच्या कारभारावर कडक टीका करणारा मनुष्य. त्याने हे सुरक्षित रोखे पुढे विकले, शिशाच्या खाणींत व दगडाच्या पाट्यांच्या खाणींत पैसा घातला, आणि बराचसा गमावला. अखेर १८८१ मध्ये डार्विनने खटपट करून त्याला सरकारकडून २०० पौंडांचे पेन्शन मिळवून दिले. तो १९१३ मध्ये, नव्वदाव्या वर्षानंतर वारला.

धंदा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला होता. शतकाच्या अखेरीस वॉल्टर रॉथ्सचाइल्डसारख्या कोट्यधीशाने ट्रिंग येथील आपल्या संग्रहालयासाठी जगभर माणसे पाठविली, आणि १९३२ मध्ये पैशाच्या अडचणीत सापडून आपला सुमारे २,८०,००० पक्ष्यांचा संग्रह न्यूयॉर्कला विकला. जादा नमुन्यांचे गिऱ्हाईक हळूहळू नाहीसे झाले. पिसांच्या आयातीला इंग्लंडात १९२१ च्या कायद्याने बंदी आली. पगारी संग्राहकाचा जमाना आमच्याकडे त्याआधीच सुरू झाला होता. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्गणी गोळा करून १९११ मध्ये हिंदुस्थानच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिचा पहिला टप्पा खानदेश. क्रंप नावाच्या पगारी संग्राहकाने तेथे जमविलेली कातडी व कवट्या कोणत्याही अडत्याकडे गेल्या नाहीत. त्यांची वाटणी ब्रिटिश म्युझियम आणि मुंबईची सोसायटी यांच्यात झाली. चिठ्ठीवर गावाचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, लिंग आणि मापे लिहिण्याची सक्ती मात्र होती, आणि वानरांच्या निबंधात वॉलेसने मागितली होती त्याहून ती काही रकाने अधिकच होती.